अर्थ धूसर, ठेका ठळक

१९९० च्या अखेरीस 'एनिग्मा' या नावाखाली 'सॅडनेस' हे गाणे आले आणि चर्चमधले मध्ययुगीन लॅटिन स्तोत्रगायन एकदम नाचाच्या फरशीवर उतरले. संगीतकार मायकेल क्रेटू जन्माने रोमानियन, कारकीर्द जर्मनीत, स्टुडिओ स्पेनच्या इबिझा बेटावर. या ग्रेगोरियन गायनाला ताल नसतो. सगळे एकाच सुरावटीत गातात, वाद्यांची साथ नाही, शब्द जिथे श्वास घेईल तिथे ओळ थांबते. क्रेटूने त्याखाली ड्रमचा संथ, जड ठेका सरकवला आणि वर फ्रेंचमधली कुजबूज ठेवली. युरोपातल्या अनेक देशांत हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. प्रार्थनेला ठेका जोडण्याच्या या लाटेला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तिच्याकडे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरहून पाहण्यात काही मौज नाही, सोय आहे. बिनतालाचे पठण इथे चार भाषांत रोजच्या वापरात आहे. नेमगिरीच्या डोंगरावरच्या जैन लेण्यांत प्राकृतातला णमोकार, बुद्धविहारात पालीतली त्रिशरण-पंचशील वंदना, मशिदीत अरबी, देवळात संस्कृत स्तोत्रे. शिवाय हा सगळा टापू नरसीच्या नामदेवांचा आणि गंगाखेडच्या जनाबाईंचा, म्हणजे तालात म्हटल्या जाणाऱ्या मराठी अभंगाचा. प्रार्थनेला यंत्राचा ठेका कुठे चिकटतो आणि कुठे चिकटत नाही, हे तपासायला इतकी नमुनेदार जागा सहज मिळायची नाही.

माझे म्हणणे असे की, या संगीताचे भांडवल भक्ती नव्हते, ताल तर नव्हताच. ऐकणाऱ्याला शब्द न कळणे हे होते. कालक्रम पाहा. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली. तिने ग्रेगोरियन गायनाला कागदावर अग्रस्थान दिले, पण त्याच वेळी उपासनेत बोलीभाषांना वाट मोकळी केली. पाव शतकात लॅटिन सामान्य उपासकाच्या तोंडून गेले. 'सॅडनेस' गाजले तेव्हा ते ऐकणाऱ्या तरुणांना ती भाषा आजीच्या ट्रंकेतल्या शालूइतकीच परकी आणि म्हणूनच भारदस्त वाटत होती. १९९२ मध्ये 'डीप फॉरेस्ट' या गटाने 'स्वीट ललबाय'मध्ये सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई घेतली. ह्युगो झेम्प या संशोधकाने ती १९७० मध्ये ध्वनिमुद्रित केली होती. एनिग्माच्याच 'रिटर्न टू इनोसन्स'मध्ये तैवानच्या आमिस जमातीतले दिफांग आणि त्यांची पत्नी इगाय यांचा आवाज आहे. एक लहान मुलाला निजवण्याचे गाणे, दुसरे मद्यपानाच्या मैफलीतले. बाजारात मात्र दोन्ही 'आत्म्याची शांती' म्हणून विकली गेली. अंगाईचे शब्द कळले असते तर हे जमले नसते.

यावर पहिला आक्षेप असा की, लोकांना भुरळ ठेक्याची होती, शब्दांशी कोणाला कर्तव्य होते? त्याला उत्तर १९९४ मध्येच मिळाले. स्पेनमधल्या सांतो दोमिंगो दे सिलोस मठातल्या भिक्षूंचा 'चांट' हा संग्रह अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला आणि त्यात एकही ड्रम नव्हता. ध्वनिमुद्रणेही जुनीच होती. ठेका काढून घेतला तरी माल खपत होता. लॅटिन काढून घेतले असते तर खपला नसता. पुढे फ्रँक पीटरसनच्या 'ग्रेगोरियन' या गटाने जगप्रसिद्ध पॉप गाणीच मठातल्या ढंगात, झगे घालून गायला सुरुवात केली, तेव्हा प्रार्थना पुरती गळून पडली आणि उरला तो नुसता पेहराव.

आता आपल्याकडे वळू. उदारीकरण आणि उपग्रह वाहिन्या १९९१ च्या सुमारास एकदमच आल्या, की-बोर्ड आणि ड्रम मशीन त्यांच्या आगेमागे. कॅसेटचा धंदा आधीच गावोगाव पोचला होता. पण मराठीत या मिश्रणाने दोन अगदी वेगळ्या वाटा धरल्या. जिथे भाषा संस्कृत किंवा प्राकृत होती, तिथे आपणही एनिग्माच्याच वाटेने गेलो. अजय-अतुल यांचा 'विश्वविनायक' हा संग्रह २००१ चा, एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांचे आवाज, गणेशस्तोत्रे, भव्य वाद्यवृंद, समूहस्वर. मांडणी म्हणून तो अव्वल आहे, यात वाद नाही. पण अथर्वशीर्षाचा अर्थ विचारला तर मंडपात तो लावणारे किती जण सांगू शकतील? णमोकाराच्या सिंथेसायझरवर तरंगणाऱ्या, तासभर चालणाऱ्या आवृत्त्यांचीही तीच जातकुळी: मंत्र पार्श्वभूमीला, ऐकणारा कामात. गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी मंडळींनी ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या तालात ओंकार आणि मंत्रांचे तुकडे मिसळले, तेव्हा ते नाचणाऱ्याला कळत नव्हतेच, कळावेत अशी अपेक्षाही नव्हती.

अभंगाचे तसे झाले नाही, कारण अभंग कळतो. शिवाय भजनी ठेका त्याच्या अंगातच आहे. पखवाज आणि टाळ तिथे बाहेरून आणावे लागत नाहीत. क्रेटूला जो धक्का देता आला, बिनतालाच्या शब्दाखाली ताल सरकवण्याचा, तो अभंगात देताच येत नाही. म्हणून मराठीत अभंगाला गिटार आणि इलेक्ट्रॉनिक साथ मिळाली तरी तो धुक्यात विरत नाही, गाणेच राहतो. 'अभंग रिपोस्ट'सारखा मुंबईचा बँड रॉकच्या अंगाने अभंग गातो आणि समोरची तरुण पोरे धृपद उचलतात, हा टाळकऱ्यांचाच उद्योग आहे, फक्त उभे राहण्याची जागा बदलली. जुनी माणसे म्हणतात, याने पावित्र्य जाते. हा आक्षेप मला फारसा पटत नाही. जनाबाईने जात्याच्या घरघरीत विठ्ठल आणला, तिच्या अभंगाला सिंथेसायझरचा विटाळ होईल असे मानणे हा तिचा सन्मान नव्हे.

खरी अडचण उभी राहते ती पाली वंदनेपाशी. पाली जिंतूरच्या विहारात बसलेल्या बहुतेकांना वाचून उलगडत नाही. माझा सिद्धांत सरळ लावला तर वंदनेवर ट्रान्सचा ठेका सगळ्यांत आधी चढायला हवा होता. बाहेरच्या योगवर्गी संगीतात 'बुद्धं सरणं'चे असे वापर आहेत; मराठवाड्यातल्या बौद्ध वस्तीत मात्र ठेका गेला तो मराठी भीमगीताकडे. आंबेडकरी जलशांची परंपरा, पुढे प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या कॅसेटी आणि आता १४ एप्रिलच्या मिरवणुकीतला डीजे ही एक सलग रेघ आहे. वंदना तेवढी बाजूला, बिनतालाची राहिली. याचे कारण शोधताना सिद्धांत थोडा दुरुस्त करावा लागतो. शब्दांचा कोशातला अर्थ हा मुद्दा नाही. त्या शब्दांनी आपण काय करतो आहोत हे माहीत असणे महत्त्वाचे. पंचशील ही घेतलेली प्रतिज्ञा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखो लोकांनी जे उच्चारले, ते म्हणणाऱ्याला आपण शब्द देतो आहोत याचे पक्के भान असते. शपथेला कोणी पार्श्वसंगीत करत नाही. इथल्या मशिदीतली अजानही याच कारणाने रीमिक्सपासून दूर राहिली; ती हाक आहे, आणि ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती कशासाठी आहे हे ठाऊक आहे.

डीजेच्या भिंतींचा त्रास खरा आहे आणि तो कोणत्याही एका रंगाच्या मिरवणुकीपुरता नाही. पण तो आवाजाच्या पातळीचा प्रश्न आहे, संगीताच्या जातीचा नाही. दोन्हींची गल्लत करून भीमगीताला किंवा गणपतीच्या गाण्याला उथळ ठरवणे सोयीचे असले तरी चूक आहे. भीमगीतावर नाचणाऱ्याला ओळ पाठ असते आणि ती कोणाबद्दल आहे हेही माहीत असते.

उरतो हक्काचा मुद्दा. 'सॅडनेस'मधले गायन म्युनिकच्या कापेला अँटिका या गायकवृंदाच्या ध्वनिमुद्रणातून परवानगीशिवाय उचलले होते. त्याची भरपाई द्यावी लागली. दिफांग आणि इगाय यांना तर आपला आवाज १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या प्रसिद्धीत वाजतो आहे हे इतरांकडून कळले; १९९८ मध्ये त्यांनी दावा लावला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली, तेव्हा कुठे श्रेयात त्यांची नावे आली. अफुनाक्वाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. शब्द धूसर ठेवण्याची ही दुसरी बाजू: गाण्याचा अर्थ विचारायचा नाही असे एकदा ठरले की गाणाऱ्याचे नावही विचारले जात नाही. नामदेव आणि जनाबाईंनी मात्र शेवटच्या चरणात आपले नाव गुंफून ठेवले आहे, आणि ठेका कोणताही लावा, अभंग पुरा गायचा तर ते घ्यावेच लागते.