शर्यतीआधी ब्रेक बघा

जयंतीला दीड महिना उरला की वर्गणीच्या पावत्या फिरू लागतात, आणि त्याच सुमारास संध्याकाळी वस्तीतली पोरं बापाची सायकल बाहेर काढतात. साध्या सायकलींची शर्यत ही आमच्या जयसिंगपूरकडची जुनी हौस आहे. उरूस असो, यात्रा असो, जयंती असो, शर्यत लागतेच. आम्हालाही ती आवडते. पण आमच्या डोळ्यांसमोर दरवेळी एक मुलगा येतो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका शर्यतीत तेरा वर्षांचा हा मुलगा वळणावर पडला. पुढच्या ब्रेकचं रबर झिजून नुसतं लोखंड रिमला घासत होतं. हँडल गर्रकन फिरलं आणि त्याची मूठ पोटात बसली. पोरगं उठलं, कपडे झटकले, शर्यत पुरी केली. खरचटलंसुद्धा फारसं नव्हतं. रात्री पोट दुखायला लागलं तेव्हा आईनं ओवा दिला. पहाटे तो पांढराफटक पडला तेव्हा आमच्या दाराची कडी वाजली. नाडी पळत होती, अंग गार, पोट फळीसारखं घट्ट. पोटात डाव्या बाजूला बरगड्यांखाली प्लीहा असते, ती फाटून आत रक्त साचत होतं. वेळेत ऑपरेशन झालं, मुलगा वाचला. त्या माऊलीचं काही चुकलं नव्हतं. वरून जखम दिसत नव्हती, तिला कोण सांगणार?

म्हणून आधी हेच सांगतो. सायकलच्या हँडलचा मार पोटात बसला तर बाहेर जखम नसली तरी मूल त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, आणि 'हँडल पोटात लागलंय' हे शब्द आवर्जून सांगा. डॉक्टरांनी घरी पाठवलं तरी पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. पोट दुखणं वाढलं, डावा खांदा दुखायला लागला, उलटी झाली, चक्कर आली, लघवीत रक्त दिसलं, चेहरा उतरला, तर काही खायला-प्यायला न देता थेट मोठा दवाखाना. १०८ ला फोन करा. जाताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेले असतात, त्यांना आधी भेटा.

आता सायकलकडे येऊ. आपल्या घरातली सायकल बहुधा शर्यतीची नसतेच. वडील तिच्यावरून सूतगिरणीत, साखर कारखान्यावर, नाहीतर एमआयडीसीत पाळीला जातात. रिम वाकली तर एका दिवसाचा पगार गेला. तेव्हा पोराला 'हात लावू नकोस' म्हणण्यापेक्षा ती सायकल कशी सांभाळायची हे त्याला शिकवलेलं बरं. मुलींनाही शिकवा. योजनेतून मिळालेल्या मुलींच्या कितीतरी सायकली पहिल्या पंक्चरनंतर भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

सुरुवात ब्रेकपासून. सायकल पुढे ढकला आणि नुसता पुढचा ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबून मागचं चाक उचलायला हवं. मग मागचा ब्रेक दाबून ढकला, मागचं चाक फिरता कामा नये, फरफटायला हवं. ब्रेकचं रबर रिमला नीट पूर्ण टेकतंय का, टायरला घासत तर नाही ना, तेही बघा. रबराची जोडी स्वस्त मिळते, त्यात काटकसर करू नका. चाक उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे लचकत असेल तर मिस्त्रीकडून आऊट काढून घ्या. तारा एकेक करून बोटानं दाबा, ढिली तार लगेच कळते. पायडलचा दांडा हातानं हलवून बघा. खटखट हलला तर कॉटर पिन सैल झाली आहे, आणि ती चढावर जोर लावताना दगा देते.

चेन वाळकी ठेवू नका, तेलात बुडवूही नका. रॉकेल नाहीतर डिझेलच्या फडक्यानं जुना चिकटा पुसा, मशीनचं तेल थेंबाथेंबानं सोडा, पायडल उलटं फिरवा आणि वरचं तेल कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. गॅरेजमधलं जळकं ऑईल बरेच जण ओततात. त्यावर धूळ बसते आणि दात झिजतात. तेलाचा थेंब रिमवर पडला तर तो पुसल्याशिवाय सायकल काढू नका, कारण मग ब्रेक नुसताच घसरतो. हवा किती भरायची हे टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरते आणि पंक्चर होते.

सीटची उंची हा गुडघ्याचा प्रश्न आहे. सीटवर बसून टाच खाली गेलेल्या पायडलवर ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. आमच्याकडे गुडघे धरून येणारे कितीतरी कामगार सीट अगदी खाली ठेवून चालवतात, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. चार बोटं वर घ्या, सवय होते.

मागे बसवलेल्या लेकराचा पाय तारांत जातो, हे तर दर महिन्याला एकदा तरी पाहायला मिळतं. टाचेची कातडी चेंगरते. पहिल्या दिवशी नुसती सूज दिसते, चार दिवसांनी कातडी काळी पडून सुटते. अशी टाच घरी बांधून ठेवू नका, एक्स-रे लागतो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवा, पाय ठेवायला आडवी पट्टी लावा, लेकराच्या पायात बूट घाला. ओढणी आणि साडीचा पदर खोचून घ्यायचा, हे बायांना वेगळं सांगायला नको, पण सांगतोच.

रात्रपाळीवाल्यांसाठी एकच गोष्ट. गाळपाच्या दिवसांत बिनदिव्याच्या ऊसाच्या ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या असतात. पुढे दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर आणि मडगार्डवर पांढरा पट्टा लावा. अंधारात ट्रॉलीला घासून पुढे काढू नका.

शर्यतीचा सराव आठ दिवस आधी जीव तोडून होत नाही. सहा आठवडे हवेत. आठवड्यातून चार दिवस, पहाटे. पहिल्या आठवड्यात अर्धा तास, गप्पा मारता येतील इतक्या वेगानं. वेळ हळूहळू वाढवा. तिसऱ्या आठवड्यानंतर एक दिवस जोराचा ठेवा: दोन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं सहा वेळा. एक दिवस लांब जा. यासाठी आमची एक सूचना आहे. २१ आणि २२ मार्च १९२० ला माणगावला परिषद भरली, बाबासाहेब अध्यक्ष होते, शाहू महाराज स्वतः आले होते. हातकणंगले तालुक्यातलं ते माणगाव आपल्यापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. २१ मार्चला पहाटे निघा, मोठी माणसं बरोबर घ्या, वाटेत थांबत जा. हातकणंगल्याकडे जाताना तमदलग्याची खिंड लागते. चढ कठीण वाटला तर उतरून चाला, त्यात कमीपणा नाही. उतारावर नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबू नका. आधी मागचा, मग दोन्ही, थोडे थोडे.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. भाकरी, भात, आमटी, उसळ, अंडं, गूळ-शेंगदाणे यावर पोरं उत्तम पळतात. डब्यातली महागडी पावडर नको, आणि कुणी दिलेली ताकदीची गोळी तर मुळीच नको. शर्यतीच्या आदल्या दिवशी सायकल चालवू नका, लवकर झोपा. सकाळी दोन तास आधी केळं नाहीतर थोडा उपमा खा. तोंडात मावा धरून शर्यतीला उभे राहणारे गडी आम्ही पाहिले आहेत. तंबाखूनं काळीज आधीच धडधडत असतं, त्यात ऊन. तपासणी म्हणाल तर मुलींचं हिमोग्लोबिन आधी बघा. १२ च्या खाली असेल तर गोळ्या सुरू करा आणि जोराचा सराव थांबवा. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्यानं शर्यतीत उतरू नये. विदर्भात सोयरीक असलेल्या घरांनी ही रक्ततपासणी करून घ्यावी. छातीत कळ, दम लागणं, दमा असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

चौदा एप्रिलचं ऊन सगळ्यांना माहीत आहे. मिरवणुकीच्या दिवशी दुपारी बाराला शर्यत सोडणाऱ्या मंडळांना आमची हात जोडून विनंती, शर्यत आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला घ्या. पोलिसांना कळवा, रस्त्यावरची वाहनं थांबवा, दर दोन किलोमीटरला पाणी ठेवा, लहान-मोठ्यांचे आणि मुलींचे गट वेगळे करा, नर्स किंवा डॉक्टर उभे करा. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात किती हेल्मेट येतील, हा हिशेब मंडळानं एकदा करावा. बक्षिसात ढाल देण्याऐवजी टायर-ट्यूब दिली तर बापही खूश होईल.

पाणी घरूनच न्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, वाटल्यास लिंबू. मीठ अंदाजानं टाकू नका. उन्हात कुणी बडबडायला लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं चांगली धुवा, खडे निघेपर्यंत. रडलं तरी धुवा. हळद, चुना, तंबाखू, रॉकेल काही लावू नका. आपल्याकडे तंबाखूचा व्यापार जुना आहे, म्हणून प्रत्येक जखमेवर चिमूटभर तंबाखू दाबायची रीतही जुनी. ती आता सोडा. घाणेरडी जखम असेल आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं झाली असतील तर ते त्याच दिवशी घ्या. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, फिट, कानातून पाणी, यातलं काहीही दिसलं तर झोपेल म्हणून वाट पाहू नका.

सराव सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता विहाराच्या अंगणात आम्ही पंप, पाने, तेल आणि ब्रेकच्या रबरांच्या काही जोड्या घेऊन बसणार आहोत. सायकल घेऊन या. रबराचे पैसे ज्याला जमतील त्यानं द्यावेत. पुसायला जुनं फडकं मात्र घरून आणा, मागच्या वेळी कमी पडली होती.