कार्डाचे कर्ज: घराला लागलेला ताप कसा उतरवायचा?

आरोग्याच्या पानावर क्रेडिट कार्डाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मारुंजी-हिंजवडी भागातल्या वस्त्यांत आम्ही रक्तदाब तपासायला बसतो, तेव्हा त्याचे उत्तर मिळते. रक्तदाब वाढलेला असतो, रात्रीची झोप उडालेली असते आणि गोळ्या बंद असतात. खोदून विचारले की कळते, गोळ्यांचे पैसे कार्डाच्या बिलात गेले. आणखी विचारले की कळते, कार्ड पहिल्यांदा मोठ्या रकमेला घासले ते दवाखान्यात अनामत भरताना.

हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेल्या आपल्या वस्त्यांतून कोणी हाउसकीपिंगला जाते, कोणी सिक्युरिटीला, कोणी कॅब चालवते, तर शिकलेली मुले ऑफिसात बसतात. पगार बँकेत जमा होऊ लागला की कार्डासाठी फोन येऊ लागतात. कार्ड घेतले यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असणे हे एक सुख आहे. ते मिळवायला वाट आहे, फक्त पावले क्रमाने टाकावी लागतात.

‘मिनिमम ड्यू’ ही वेदनाशामक गोळी

बिलावर दोन आकडे असतात: एकूण रक्कम आणि किमान रक्कम. किमान भरले की लेट फी लागत नाही, पण व्याज चालूच राहते. पूर्ण रक्कम भरली नाही की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते.

हिशोब करून पाहू. समजा ५०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे. व्याज झाले १,७५० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५ रुपये. म्हणजे महिन्याला २,०६५ रुपये वाढले. तुम्ही २,५०० भरले, तर कर्ज कमी झाले फक्त ४३५ रुपयांनी. नवी खरेदी अजिबात न करता दर महिन्याला २,५०० भरत राहिलात, तर कर्ज फिटायला ४४ महिने लागतील आणि एकूण सुमारे १ लाख ८ हजार रुपये जातील.

हेच ५०,००० रुपये वर्षाला १६ टक्के व्याजाच्या कर्जात वळवले, तर सुमारे २,४५० रुपयांच्या २४ हप्त्यांत फिटतात. एकूण ५९ हजारांच्या आत. खिशातून महिन्याला जाणारा पैसा जवळपास तेवढाच, पण सुटका दोन वर्षांत.

पहिले काम: रक्तस्राव थांबवा

कार्ड वापरणे बंद करा. ॲपवर साठवलेला कार्ड नंबर काढून टाका. कार्डावर एटीएममधून रोख तर काढूच नका, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. मग नवरा-बायकोने एकत्र बसून वहीत लिहावे: कोणती बँक, किती थकले, व्याज किती, तारीख कोणती. बऱ्याच घरांत एकाने दुसऱ्यापासून कार्ड लपवलेले असते. वहीवर आकडा आला की निम्मी भीती तिथेच उतरते.

घरभाडे, रेशन, मुलांची फी आणि औषधे यांचे पैसे आधी बाजूला काढा. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या हप्त्यासाठी कधीही बंद करू नका. सरकारी दवाखान्यात त्या मिळतात का, ते आधी विचारा.

मग मार्ग निवडा

_एक: नोकरी चालू असेल तर._ बँकेला फोन करून थकबाकी मासिक हप्त्यांत बदलून मागा. व्याज किती, प्रोसेसिंग फी किती, एकूण किती भरावे लागेल, हे तीन प्रश्न विचारा. कंपनीत कामगारांची सहकारी पतसंस्था असेल तर तिथला दरही पाहा. दागिना असेल तर बँकेतले सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा बरेच स्वस्त पडते, मात्र हप्ते चुकले तर दागिना जातो हे लक्षात ठेवा. स्वस्त कर्ज घेऊन कार्ड फेडले की कार्ड बंद करा, नाहीतर दोन कर्जे होतात. बाकी शून्य असताना कार्ड बंद करण्याची विनंती बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची असते. उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे.

_दोन: दोन-तीन कार्डे असतील तर._ सगळ्यांवर किमान रक्कम भरा आणि वरचा प्रत्येक रुपया सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डावर टाका. ते संपले की पुढचे.

_तीन: नोकरी गेली किंवा घरात मोठे आजारपण आले तर._ बँकेला अर्ज लिहा, कागदपत्रे जोडा आणि पोच घ्या. बरेच महिने थकलेल्या खात्यावर बँक कमी रकमेत तडजोड करू शकते, यालाच सेटलमेंट म्हणतात. ती देणे बँकेवर बंधनकारक नाही. शिवाय क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ अशी नोंद लागते आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना ती आडवी येते. म्हणून हा मार्ग शेवटी घ्यावा. घ्यावाच लागला तर बँकेचे लेखी पत्र हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, पैसे थेट कार्ड खात्यात भरा, एजंटच्या हातात नको. नंतर ‘काही बाकी नाही’ असे पत्र घ्या.

_चार: लोकअदालत._ इथे कोर्ट फी नाही. दोन्ही बाजूंनी मान्य केले तरच तडजोड होते आणि झालेल्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून झेपेल तोच हप्ता मान्य करा. लोकअदालतीची नोटीस आली म्हणजे अटक होणार, असे नाही. घाबरून ती फाडू नका, तारखेला जा.

वकिलाची फी नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश झाला आहे. आपल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात आहे. फोन १५१००.

धमकीला घाबरू नका, नोटिशीकडे दुर्लक्ष करू नका

वसुलीचे फोन बऱ्याचदा घरातल्या बाईला येतात. ‘पोलीस घेऊन येतो’ असे कोणी म्हटले तर लक्षात ठेवा: पैसे नसल्यामुळे कार्डाचे बिल थकणे हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. मात्र दिलेला चेक किंवा बँकेतला ऑटो-डेबिट हप्ता न वटल्यास फौजदारी केस होऊ शकते. म्हणून झेपत नसलेल्या रकमेचा चेक देऊ नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ करणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणे यालाही मनाई आहे. वेळ, नंबर आणि बोलणे लिहून ठेवा. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी फोन १४४४८.

नवऱ्याच्या कार्डासाठी बायकोच्या पगाराला हात लावता येत नाही, जर तिने हमी दिलेली नसेल. कोर्टाचा हुकूम झाला तरी पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही सुरक्षित असते.

ही तीन दारे नकोत

कार्ड फेडायला दुसरे कार्ड. मोबाईलमधले फोन नंबर आणि फोटो मागणारे कर्ज ॲप. आणि परवाना नसलेला सावकार: महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते.

दवाखान्यात कार्ड काढण्याआधी

बऱ्याच घरांत कर्ज इथूनच सुरू होते, म्हणून हे आधीच माहीत हवे. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर कुटुंबालाही उपचार मिळतात. रेशन कार्डावर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू होते, योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तिथे समाजसेवा अधीक्षकाला विचारा. पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

शेवटी एक निकडीची गोष्ट. कर्जापायी घरातले कोणी गप्प गप्प राहू लागले, जेवण टाकले, ‘माझ्यानंतर तरी सुटाल’ असे बोलू लागले, तर त्या माणसाला एकटे सोडू नका. १४४१६ वर टेली-मानसचा मोफत फोन दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येते. हिशोब दुसऱ्या दिवशीही करता येतो. आधी माणसाजवळ बसा.