हुरड्याच्या दिवसांत दोन रात्री

मार्गशीर्ष सरत आला की घरातील वडीलधाऱ्यांना शाल, कानटोपी आणि पायमोजे यांबरोबर एक सूचनाही मिळते : आता बाहेर पडू नका. ही सूचना मायेपोटी असते आणि निम्मी योग्यही असते. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. परंतु सारा हिवाळा चार भिंतींत काढलेल्या माणसाचे स्नायू शिथिल होतात, भूक मंदावते आणि बोलायला दूरचित्रवाणीखेरीज कोणी उरत नाही, याचा विचार क्वचितच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सामाजिक संबंधांविषयी स्वतंत्र आयोग नेमला, तो एकाकीपणा हा आरोग्याचाच प्रश्न आहे हे मानून.

गेल्या पौषात आम्ही दोन जोडपी शिरूरच्या पुढे, घोड नदीच्या बाजूला असलेल्या एका मित्राच्या शेतघरी शुक्रवार ते रविवार राहून आलो. आमच्याबरोबरच्या स्नेह्यांच्या पत्नीला चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे आणि रात्रंदिवस शुश्रूषा करणारे ते एकटेच. येऊ नये, असाच त्यांचा विचार होता. शेवटी यजमान वहिनींनी दूरध्वनी केला : ‘‘भावोजी, तिचं मी बघते. तुम्ही फक्त झोपायला या.’’

नवी जागा अशा रुग्णाला गोंधळात टाकते, विशेषतः दिवेलागणीनंतर. म्हणून आम्ही उजेडी पोहोचलो. त्यांची नेहमीची गोधडी, उशी आणि चहाचा कप बरोबर होता. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवला, पायपुसणी उचलली, बाहेरच्या दाराला वरच्या बाजूस कडी होतीच. गोळ्यांच्या वेळा घरच्याच. तरीही संध्याकाळी ‘‘मला घरी जायचंय’’ सुरू झाले. ‘हेच घर’ असे कोणी त्यांना समजावीत बसले नाही. वहिनींनी हात धरून ओसरीवर दोन फेऱ्या मारल्या, चहा दिला, आणि तो विषय मागे पडला. वाद घालून अशी समजूत पटत नसते; हे ज्यांनी घरी अनुभवले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

शनिवारी ऊन चांगले वर आल्यावरच सर्व जण शेताकडे निघालो. पहाटेच्या बोचऱ्या थंडीत फिरायला जाण्याचा हट्ट सत्तरीनंतर सोडलेला बरा. रब्बीच्या ज्वारीचा दाणा या दिवसांत दुधाळपणा सोडून भरू लागतो, तोच हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजली जात होती. शेजारी लसणाची चटणी, दही, गूळ. भाजलेले कणीस जरा निवल्यावर वहिनींनी ते आमच्या स्नेह्यांच्या पत्नीच्या हाती ठेवले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली बाई ती. क्षणभर तिने त्याकडे पाहिले आणि तळहातांत धरून चोळू लागली. दाणे निघाले, तिने फुंकर मारून कोंडा उडवला आणि मूठ वहिनींपुढे केली. नवऱ्याचे नाव ज्या स्मृतीतून अनेकदा निसटते, तिथे हातांची सवय मात्र शाबूत होती. लहानपणी अंगवळणी पडलेली कौशल्ये या आजारात बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतात. रुग्णाला नुसते बसवून ठेवण्याऐवजी शेंगा सोलणे, वाती वळणे अशी कामे द्यावीत, ती यासाठीच.

आमचे स्नेही काही न बोलता घरात गेले. अडीचला झोपलेला तो गृहस्थ साडेपाचला उठला.

हुरड्याबद्दल दोन शब्द. तो तंतुमय आणि पचायला जड. मूठ-दोन मुठी पुरेत. दातांची कवळी असेल तर सावकाश चावावा. मधुमेह असणाऱ्यांनी हुरड्याबरोबरचा गूळ आणि रेवड्या यांवर नजर ठेवावी. थंडीत वृद्धांना तहान कमी जाणवते, म्हणून मागण्याची वाट न पाहता कोमट पाणी, ताक पुढे करावे.

रात्री गड्याने मायेने धगधगती शेगडी झोपायच्या खोलीत आणून ठेवली. मित्राने ती तत्काळ बाहेर न्यायला लावली. बंद खोलीतील निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. ऊब हवी तर अंगावर थरावर थर कपडे घालावेत आणि शेगडीची हौस अंगणात, जागेपणी भागवावी.

रविवारी जेवणानंतर परतलो. येताना गाडीत ठरले ते असे : दर दुसऱ्या शनिवारी दुपारी आमच्यापैकी एक जण स्नेह्यांच्या घरी तीन तास बसणार. त्या वेळात त्यांनी बाजारात जावे, मित्राकडे जावे, नाहीतर आतल्या खोलीत झोपावे. पहिला शनिवार माझ्या पत्नीने घेतला. जाताना तिने पावट्याच्या शेंगांची पिशवी बरोबर नेली.