बोर्डावर चार भोके जादा ठेवा!

लहान भांडवलावर धंदा उभा करू पाहणाऱ्या आपल्या तरुणांपैकी बरेच जण आता इलेक्ट्रॉनिक्सकडे वळू लागले आहेत. कोणी टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर बनवतो, कोणी इन्व्हर्टर, तर कोणी दुकानाच्या पाटीवर धावणारी अक्षरे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात. सर्किट बोर्डाचा आराखडा घरच्या संगणकावर काढता येतो. त्यासाठी लागणारे कीकॅड हे सॉफ्टवेअर, जे फ्रान्सच्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केले, ते तर फुकट मिळते. एवढी सोय असूनही अनेकांचा माल पहिल्या वर्षातच परत येऊ लागतो आणि दुरुस्त न झाल्यामुळे भंगारात जातो. याचे एक कारण अगदी साधे आहे आणि त्याचाच विचार आम्ही येथे करणार आहोत.

ते कारण म्हणजे आराखडा काढताना जागा आणि पैसा वाचवण्याच्या नादात सोल्डर पॅड आणि हेडर गाळून टाकणे. पॅड म्हणजे बोर्डावरचा तांब्याचा उघडा ठिपका. त्यावर सोल्डर धरते. हेडर म्हणजे एका ओळीत उभ्या केलेल्या पिना. आपल्या बाजारात त्याला बर्ग स्ट्रिप म्हणतात. बर्ग या अमेरिकन कंपनीचे नाव वस्तूलाच चिकटले ते कायमचे. या पिनांमधले अंतर २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग असते.

बोर्डाला बाहेरून हात लावण्याची गरज तीन वेळा पडते. पहिली, कारखान्यात चिपमध्ये प्रोग्रॅम भरताना. दुसरी, माल बाहेर पडण्यापूर्वी तपासताना. तिसरी, गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर दुरुस्ती करताना. समजा, आपण ५०० बोर्डांची ऑर्डर घेतली. हेडर नसेल तर प्रत्येक चिपच्या पायांना बारीक तारा सोल्डर करून प्रोग्रॅम भरावा लागेल आणि त्या परत काढाव्या लागतील. एका बोर्डाला दोन मिनिटे धरली तरी १,००० मिनिटे झाली. म्हणजे एका कारागिराचे दोन दिवस त्यातच गेले. शिवाय तारा ओढताना पाच-दहा बोर्डांचे तांबे उखडले, तर ते नुकसान वेगळेच. उलट सहा भोके ठेवली असती, तर प्रोग्रॅमरची केबल टेकवून हे काम काही सेकंदांत झाले असते. भोके ठेवण्याचा खर्च जवळजवळ काहीच नसतो. पिना तर बसवल्याच पाहिजेत असेही नाही, भोके मोकळी ठेवली तरी चालतात.

मोठमोठ्या कंपन्यांनीही हेच केले आहे. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी-५४-जी या इंटरनेट राउटरच्या बोर्डावर पिना न बसवलेली भोके होती. २००३ साली त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर खुला झाला. त्यानंतर जगभरच्या हौशी कारागिरांनी त्या भोकांवर पिना बसवून चुकीच्या प्रोग्रॅममुळे बंद पडलेले राउटरसुद्धा जिवंत केले. २०१५ साली पाच डॉलरला निघालेल्या रास्पबेरी पाय झिरो या संगणकावर ४० भोके मोकळीच ठेवली होती. ज्याला गरज असेल त्याने पिना बसवाव्यात, म्हणजे किंमत कमी राहते, असा हा हिशेब.

हेडर एकदा ठरले की तो गिऱ्हाइकाशी केलेला करार होतो, हेही ध्यानात ठेवावे. २०१२ च्या रास्पबेरी पायला २६ पिना होत्या. २०१४ साली त्या ४० केल्या, पण पहिल्या २६ जागच्या जागी ठेवल्या. त्यामुळे त्या पिनांवर बसणारे जुने जोडभाग निरुपयोगी झाले नाहीत. इटलीत २००५ साली सुरू झालेल्या आर्डुइनोची गोष्ट आणखी बोलकी आहे. त्याच्या ७ आणि ८ क्रमांकांच्या पिनांमधले अंतर नेहमीच्या मापात बसत नाही. ते ४ मिलिमीटरच्या आसपास भरते. पण त्यावर बसणारे जोडबोर्ड बाजारात इतके पसरले की ते वाकडे अंतर पुढेही तसेच ठेवावे लागले. तेव्हा पहिल्या आराखड्यातच विचार करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बर्ग स्ट्रिपची पिन चौकोनी, ०.६४ मिलिमीटरची असते. तिचा कर्ण मात्र ०.९ मिलिमीटर भरतो. म्हणून ०.८ चे भोक पाडले तर पिन शिरणारच नाही. भोक १ मिलिमीटरचे आणि पॅड १.७ मिलिमीटरचे ठेवावे. पहिल्या पिनेचा पॅड चौकोनी करावा, म्हणजे उलटसुलट ओळखता येते. प्रत्येक पिनेचे नाव बोर्डावर छापून घ्यावे. पांढऱ्या शाईचा त्यासाठी निराळा खर्च सहसा पडत नाही. ग्राउंडचा पॅड तांब्याच्या मोठ्या पट्ट्यात सरळ बुडवू नये. तसे केले तर सारी उष्णता तांबे शोषून घेते आणि सोल्डर नीट वितळत नाही. चार बारीक पट्ट्यांनी तो जोडावा. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय तयारच असते. पुरवठ्याचे पाच व्होल्ट, ग्राउंड आणि महत्त्वाचे सिग्नल यांसाठी मीटरची सुई टेकवता येईल असे एकेक मोकळे पॅड ठेवावे. एकाच बोर्डावर दोन मॉडेल काढायची असतील, तर शेजारी-शेजारी दोन अर्धे पॅड ठेवावेत. सोल्डरच्या एका थेंबाने ते जोडले की मॉडेल बदलते.

सावधगिरीही हवी. २३० व्होल्टच्या भागाजवळ असे हेडर कदापि ठेवू नये. दोन्ही भागांत ६ ते ८ मिलिमीटर अंतर राखण्याचा प्रघात आहे आणि तो पाळावा. तपासणारा कारागीर हाताने पिना धरणार आहे, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. गिऱ्हाईक स्वतः जी जोडणी करणार तेथे साधी बर्ग स्ट्रिप न वापरता एकाच बाजूने बसणारा रिलिमेट कनेक्टर वापरावा, म्हणजे उलटी जोडणी होऊन बोर्ड जळणार नाही.

काही कारखानदार मुद्दामच पॅड ठेवत नाहीत. दुसऱ्याने नक्कल करू नये आणि दुरुस्तीचे गिऱ्हाईक आपल्याकडेच यावे, असा त्यांचा विचार असतो. नक्कल रोखायची तर चिपमधला प्रोग्रॅम कुलूपबंद करण्याची सोय बहुतेक चिपांत आहे, ती वापरावी. पण दुरुस्तीची वाट बंद करणे आम्हाला पटत नाही. भिवंडी-मालेगावकडच्या एखाद्या रॅपियर मागाचा कंट्रोल बोर्ड बंद पडला की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी थांबते. जवळचा मेकॅनिक मीटर टेकवून तासाभरात दोष शोधू शकला, तर त्या घरची चूल पेटती राहते. तोच बोर्ड दूरच्या कारखान्यात धाडावा लागला, तर आठवडा गेलाच म्हणून समजा. पुढच्या वेळी मालक कोणाचा माल घेईल, हे सांगायला नको.

आपल्या तरुणांना आमची एवढीच सूचना आहे की, आराखडा छपाईला देण्यापूर्वी तो एकदा दुरुस्तीवाल्याच्या डोळ्यांनी पाहावा. मीटर कोठे टेकवायचा आणि प्रोग्रॅम कोठून भरायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे बोर्डावर दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर तो आराखडा अजून पुरा झालेला नाही. एका संध्याकाळचे हे काम वर्षानुवर्षे धंद्याच्या उपयोगी पडेल.