सुटण्यासाठी बांधायचा दोर

शेतकऱ्याच्या घरात दोराची पारख कोणाला शिकवावी लागत नाही. दावे वेगळे, कासरा वेगळा, वेसण वेगळी, भाऱ्याला लागणारे चऱ्हाट वेगळे. प्रत्येकाची जाडी निराळी, पीळ निराळा. पण हे सगळे दोर आपण एकाच अपेक्षेने घेतो : बांधलेले सुटता कामा नये. जादूगाराला मात्र याच्या उलट दोर लागतो. लोकांना तो घट्ट दिसला पाहिजे, गाठ ओढून पाहणाऱ्याच्या हातालाही घट्ट लागला पाहिजे, आणि तरीही आतल्या माणसाला दोन-चार मिनिटांत त्यातून बाहेर येता आले पाहिजे.

हा विषय शेतकरी कुटुंबाच्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. कर्जतच्या गाडीने वांगणी सोडली की नेरळच्या अलीकडे शेलू लागते. शेलूसारख्या गावात शाळेचे गॅदरिंग असते, गणपतीत मंडळाचा कार्यक्रम असतो, जत्रेची रात्र असते. अशा वेळी एखादा उत्साही मुलगा उठतो आणि म्हणतो, मला बांधा, मी सुटून दाखवतो. हल्ली तर असे खेळ मोबाइलवरही दिसतात. मग दोर कुठून येतो? गोठ्यातून, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. म्हणजे जो दोर सुटू नये म्हणूनच घेतला, त्यातून सुटायचे!

बांधून घेऊन सुटण्याचा खेळ आपल्याकडे नवा नाही. मदारी आपल्या पोराला जाळीत बांधून टोपलीत बसवतो आणि पोर जाळीबाहेर येते, हे बाजाराच्या दिवशी पूर्वीच्या पिढीने पाहिलेले आहे. पुढे पुण्याचे जादूगार रघुवीर, त्यांचे चिरंजीव विजय आणि नातू जितेंद्र अशा तीन पिढ्यांनी जादू महाराष्ट्राच्या रंगमंचावर नेली. पण दोराच्या खेळाचा खरा अभ्यास झाला तो अमेरिकेत. आयरा आणि विल्यम डेव्हनपोर्ट हे दोघे भाऊ स्वतःला दोरांनी बांधून घेऊन लाकडी कपाटात बसत. कपाट बंद झाले की आतून वाद्ये वाजू लागत, आणि उघडून पाहावे तर दोघे बांधलेलेच! ही भुतांची करणी आहे असे लोकांना सांगितले जाई. सन 1865 मध्ये इंग्लंडात मॅस्कलिन नावाच्या तरुणाने चुकून आत शिरलेल्या उजेडात खरा प्रकार पाहिला आणि तोच खेळ स्वतः करून दाखवला. भूत वगैरे काही नव्हते, होता तो दोरातला ढील. त्याच वर्षी लिव्हरपूलला प्रेक्षकांपैकी गाठींच्या जाणकारांनी मनगटे आवळल्यावर या बंधूंनी खेळच नाकारला आणि लोकांनी कपाटाची मोडतोड केली. दोर आणि गाठ आपल्या हातातून परक्याच्या हाती गेली की काय होते, ते त्या रात्री दिसले.

हॅरी हूदिनी (1874 ते 1926) याने हे शास्त्र पुरते पिंजून काढले आणि दोरांच्या बांधणीवर पुस्तकही लिहिले. त्याचे एक तत्त्व ऐकून प्रथम नवल वाटते. दोर जितका लांब, तितके सुटणे सोपे. पन्नास फूट दोराने सर्वांग गुंडाळलेला माणस पाहून बायाबापड्या हळहळतात, पण त्याला फारशी काळजी नसते. हातभर बारीक दोरीने नुसती मनगटे आणि अंगठे करकचून बांधलेला माणूस मात्र खऱ्या अडचणीत असतो.

असे का, ते हिशेब करून पाहू. बांधताना माणूस छाती फुगवतो, दंड आणि मनगटे ताठ करतो. मग श्वास सोडून अंग सैल केले की छातीचा घेर समजा दोन इंच कमी झाला. एका वेढ्यात दोन इंच, तर दहा वेढ्यांत वीस इंच ढील निघाला. एवढा ढील एका जागी गोळा करता आला की हात सुटलाच म्हणून समजा. शिवाय बांधणारा पहिले दोन-तीन वेढे जोराने आवळतो, पुढे त्याचे हात दमतात, लोक घाई करतात, आणि वेढे आपोआप सैल पडत जातात. यात मेख एकच आहे. ढील एका वेढ्यातून दुसऱ्या वेढ्यात सरकला पाहिजे. म्हणून दोर अंगावर घसरणारा हवा, आणि अखंड हवा. मध्येच कोणी गाठ मारली की त्या गाठीच्या पलीकडचा ढील आपल्याला मिळत नाही.

आता नेरळ-कर्जतच्या बाजारात दोर घ्यायला चला.

काथ्याचा दोर प्रथम बाजूला ठेवा. अंगावर तो कुसळासारखा टोचतो आणि खरबरीतपणामुळे वेढ्यावर वेढा जागीच रुतून बसतो. घायपाताच्या दोराचेही तेच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही ही म्हण उगाच पडलेली नाही. तागाची सुतळी बारीक असल्याने कातडीत घुसते. गाठ तर नखानेसुद्धा सुटत नाही.

निळ्या-हिरव्या प्लॅस्टिकच्या दोराचा मोह फार होतो. स्वस्त मिळतो, दुरून उठून दिसतो. पण तो ताठर आणि गुळगुळीत. त्याची गाठ कधी प्रेक्षकांसमोर आपसूक निसटते आणि हसे होते. आणि हात जोराने ओढून काढावा तर घर्षणाने कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. त्याची टोके विसकटू नयेत म्हणून दुकानदार काडी लावून वितळवतात, तिथे कडक बोंड तयार होते आणि ते नेमके वेढ्यात अडकते. नायलॉनचा दोष आणखी वेगळा. तो रबरासारखा थोडा ताणतो. बांधणाऱ्याने ताणून बांधला की पुढे आखडून अंगात बसतो आणि मिळवलेला ढील खाऊन टाकतो. विहिरीवर किंवा वजन पेलायला नायलॉन उत्तम, पण या कामाला नाही.

उरला तो सुती दोर. पीळ घातलेल्यापेक्षा वेणीसारखा विणलेला बरा, कारण तो वळताना अंगाला पीळ घेत नाही. जाडी करंगळीएवढी असावी. त्याहून जाड दोराची गाठ नीट बसत नाही आणि लोकांना संशय येतो. त्याहून बारीक असला तर रुततो. विणलेल्या दोरात पुष्कळदा आत सुताचा गाभा असतो. दोर मुठीत दाबून पाहा, मध्ये कडक नस लागली तर गाभा आहे. जादूगार पुष्कळदा तो ओढून काढून टाकतात, म्हणजे दोर मऊ पडतो. नव्या दोराला खळ असते, म्हणून एकदोनदा गरम पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. टोके दोऱ्याने घट्ट गुंडाळून शिवावीत. रंग पांढराच ठेवावा, कंदिलाच्या उजेडातही मागच्या रांगेला दिसतो.

सुती दोराचा एक दुर्गुण मात्र आपल्या भागात विसरून चालणार नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या कर्जत तालुक्यात हा मुद्दा मोठाच आहे. सूत, ताग, अंबाडी यांचे तंतू पाणी प्यायले की फुगतात, आणि पिळाचा दोर लांबीला आखडतो. पावसात तंबूचे दोर सैल करावे लागतात ते यामुळेच. भिजलेल्या दाव्याची निरगाठ सोडताना दात लावावे लागतात, हा अनुभव कोणाला नाही? गणपतीच्या दिवसांत मांडव गळतो, मुलाला घाम फुटतो, आणि सैल वाटलेला दोर पाच मिनिटांत आवळतो. म्हणून दोर कोरडा असावा, आणि दोराने बांधून पाण्यात उतरण्याचा विचारही करू नये.

हूदिनी पाण्याच्या पेटीत मेला, अशी समजूत पुष्कळांची आहे. तसे नाही. तो आंत्रपुच्छ फुटून पोटात पू झाल्याने 31 ऑक्टोबर 1926 रोजी डेट्रॉइटच्या रुग्णालयात वारला. ‘पेटीतला मृत्यू’ चित्रपटाने लोकांच्या डोक्यात भरवला. पाण्यातला खरा मृत्यू आपल्याच देशातला आहे. जून 2019 मध्ये कलकत्त्याला चंचल लाहिरी ऊर्फ मँड्रेक हे जादूगार साखळदंड आणि दोर यांनी बांधून घेऊन हुगळी नदीत उतरले. माणूस नवशिका नव्हता, असे खेळ त्यांनी आधीही केले होते. ते वर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी शव सापडले. उल्हास नदीच्या डोहाकडे बोट दाखवून ‘इथे करू या’ म्हणणाऱ्या पोरांना ही हकीकत जरूर सांगावी.

गावच्या मंचावर खेळ करायचाच असेल तर बांधणी खांद्यांच्या खालीच. गळ्याभोवती दोराचा एक वेढासुद्धा नको, मग तो सैल का असेना. मुलाला उलटे टांगणे नको, तोंडावर फडके नको, पिशवी नको. मुलगा खुर्चीवर बसलेला बरा, म्हणजे तोल जाऊन तोंडावर पडत नाही. शेजारी एक जाणता माणूस धारदार कात्री घेऊन उभा राहावा. कोयता किंवा विळा नको, घाईत दोराआधी हात कापेल. बोटे निळसर पडली, मुंग्या आल्या किंवा गार लागली, की खेळ थांबवून दोर सरळ कापावा. दोराच्या किमतीकडे पाहू नये. मुलाने हाक मारण्याची वाट पाहत बसू नये, कारण टाळ्या वाजत असताना मुले ‘मला सोडवा’ म्हणत नाहीत.

प्रेक्षकांतून कोणी स्वतःचा दोर घेऊन पुढे आला, तर त्याला नमस्कार करून खाली बसवावे. हूदिनी असली आव्हाने घेई, पण त्यामागे आयुष्यभराची मेहनत होती. आपल्या मुलाने घरी आठ-पंधरा दिवस ज्या दोरावर सराव केला, तोच दोर मंचावर. लोकांना तो ओढून, ताणून पाहू द्यावा. त्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि खेळाची रंगत त्यानेच वाढते.

कार्यक्रम झाला की दोर गाठी सोडून, झटकून, सैल वेटोळे करून उंदरांपासून दूर खुंटीला टांगावा. त्याने म्हैस बांधू नये, कपडे वाळत घालू नयेत. शेणामुताने आणि उन्हाने सूत कुजते, कडक होते. पुढच्या वर्षी काढाल तेव्हा हाताने सबंध दोर चाचपून पाहा. कुठे काळा डाग, बुरशी किंवा तुटलेला धागा लागला तर तो गोठ्याकडे द्या आणि नवा घ्या.