मद्रासची लाट आणि जुनी लांब फळी

मद्रासला बंदरच नव्हतं. इंग्रजांनी 1639 मध्ये जी जागा मिळवली ती सरळसोट वाळूची पट्टी होती. खाडी नाही, आडोसा नाही, समोर बंगालचा उपसागर उघडावाघडा. जहाजं दूर खोल पाण्यात नांगर टाकून थांबायची आणि माणसं, माल, घोडे, पियानो असं सगळं तिथून होड्यांत उतरवून किनाऱ्यावर आणावं लागायचं. हा शेवटचा टप्पा इंग्लंडपासूनच्या अख्ख्या प्रवासात सर्वांत वाईट, अशी तक्रार कित्येक जुन्या प्रवासवर्णनांत सापडते. कारण मधे होती फुटणारी लाट, एकामागे एक, दोन-तीन रांगांत.

या लाटांतून पार व्हायला स्थानिकांकडे दोन साधनं होती. एक मसुला होडी. तिच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा एकही नाही, त्यामुळे लाट आपटली की ती फुटण्याऐवजी लवायची. दुसरं साधन कट्टुमरम. हलक्या लाकडाचे तीन ते सात ओंडके तासून, पुढची टोकं थोडी उचलून, दोरीने एकत्र आवळलेले. त्याला काठ नाही, पोट नाही, त्यामुळे बुडणं हा प्रकारच नाही. लाट अंगावरून जायची, माणूस खाली पडायचा, पोहत येऊन पुन्हा बसायचा. साहेबांच्या मसुला होडीसोबत दोन-चार कट्टुमरम पाठवायची रीत होती. होडी उलटली तर पाण्यात पडलेल्यांना ओढून काढायचं काम त्यांचं. जीव वाचवल्याबद्दल या कोळ्यांना पदकं दिल्याच्या नोंदी आहेत. जहाजावरची पत्रंही तेच आणायचे, डोक्यावरच्या ताडाच्या पानांच्या टोकदार टोपीत कोरडी ठेवून.

परतीच्या वाटेवर हे लोक काय करायचे? लाट मागून येताना वल्ह्याचे चार जोरकस हात मारायचे, लाट पकडायची आणि तिच्या उतारावरून घसरत थेट वाळूवर यायचं. आज हॉटेलांच्या माहितीपत्रकात यालाच सर्फिंग म्हणतात आणि तासाचे पैसे घेतात.

चेन्नईत सर्फिंग शिकणाऱ्याला पहिल्यांदा सांगितलं जातं की हा खेळ हवाईतून आला. ते खरं आहे, पण अर्धंच. हवाईत राजघराण्यातले लोक ‘ओलो’ नावाची पंधरा-सोळा फुटांची फळी वापरत आणि तिच्यासाठी विलिविली नावाच्या झाडाचं लाकूड घेत. विलिविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं आणि एकाच प्रजातीगटातलं. लाल फुलांचा, काटेरी खोडाचा, ज्याचं लाकूड सुतार हातात धरत नाही तो पांगारा. सुतार ज्या भुसभुशीतपणामुळे नाक मुरडतो, तोच पाण्यावर कामाला येतो. लाट घेऊन झाली की हवाईचे लोक फळी वाळवत, खोबरेल चोळत आणि कापडात गुंडाळून ठेवत. मद्रासच्या या कोरोमंडल किनाऱ्याचे कोळी वाळूवर आले की कट्टुमरमच्या दोऱ्या सोडून ओंडके सुटे करत आणि उन्हात पसरत. दोघांचा वैरी एकच, लाकडात मुरणारं पाणी. दोन समुद्रांच्या माणसांनी एकमेकांना न विचारता काढलेला तोडगाही जवळपास एकच.

मद्रासला बंदर नंतर झालं. काम 1870 च्या दशकात सुरू झालं, 1881 च्या वादळाने त्यातलं बरंचसं मोडलं, पुन्हा बांधलं गेलं. या किनाऱ्यावर वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतींनी ती अडवली. दक्षिणेला वाळू साचत गेली आणि उत्तरेला रायपुरमकडचा किनारा समुद्र खात सुटला. साचलेल्या वाळूच्या कडेने गव्हर्नर ग्रँट डफने फिरायचा रस्ता केला आणि त्याला मरीना नाव दिलं. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावं. हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ म्हणजे आपल्या ग्रँट डफचा मुलगा. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या आणि 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापणाऱ्या बापाने मुलाला आपल्या साहेबाचं नाव ठेवलं. चेन्नईत मरीनावर कैरीचे काप खात बसलेल्या कुणाही पुणेकराला हा धागा माहीत नसतो.

मरीनावर पोहायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. वाळूला उतार फार, आणि परत जाणारं पाणी माणसाला ओढून नेतं. बेझंट नगरच्या एलियट्स बीचवर एक पांढरी कमान उभी आहे, कार्ल श्मिट या डॅनिश खलाशाच्या स्मरणार्थ. 1930 मध्ये बुडणाऱ्यांना वाचवताना तो स्वतः गेला. लोक तिथे फोटो काढतात, पाटी कोणी वाचत नाही.

लाटा शिकायच्या तर शहर सोडून ईस्ट कोस्ट रोडने दक्षिणेला जावं लागतं. साधारण चाळीस किलोमीटरवर कोवळम, जुन्या इंग्रजी कागदांतलं कोव्हलाँग. (केरळातलं कोवळम वेगळं, त्या दोघांतला गोंधळ पुढे पुन्हा येणार आहे.) अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे ऑस्टेंड कंपनीची वखार होती. नंतर नवाबाचा किल्ला झाला, तो क्लाइव्हने 1752 मध्ये उडवला. आता गावात चर्च, दर्गा, देऊळ, मासळीचा लिलाव आणि खडकांचं एक टोक आहे. त्या टोकाला वळसा घालून दक्षिणेची लाट आत येते आणि उजवीकडे उलगडत जाते.

इथली गोष्ट मूर्ती मेगवनची आहे. कोळ्याचा मुलगा, लाकडाच्या तुकड्यावर लाटा घेत वाढलेला. परदेशी लोकांकडे बोर्ड पाहिला, मागून घेतला आणि उभा राहिला. चेन्नईत राहणारा इस्रायली ध्वनितंत्रज्ञ योताम आगाम आणि उद्योजक अरुण वासू यांची साथ मिळून 2012 च्या सुमारास कोव्हलाँग पॉइंटची शाळा उभी राहिली. गावातल्या मुलांना बोर्ड फुकट, अट एकच: आधी शाळेत जायचं. पुढच्या वर्षापासून तिथे सर्फिंगचा महोत्सव भरू लागला. त्याआधी 2004 मध्ये कर्नाटकात मुल्कीला जॅक हेबनर या अमेरिकन ‘सर्फिंग स्वामीं’नी आश्रमातच सर्फिंग सुरू केलं होतं. भारतातल्या सर्फिंगचा इतिहास असा, संन्यासी आणि कोळी मिळून लिहिलेला.

सुरुवातीला बोर्ड यायचे ते पाहुण्यांनी मागे ठेवलेले. अजूनही या किनाऱ्यावर एखादा खूप जुना लांब बोर्ड भेटतो. मी ज्यावर शिकलो तो असाच, एका ओळखीच्याने बाहेरून आणलेला. साडेनऊ फुटांच्या आसपास लांब, नाक गोल, मधोमध लाकडाची बारीक पट्टी, खाली एकच सुकाणूपंख आणि तोही कायमचा चिकटवलेला. मुळात पांढरा असणार. आता जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा, कारण आतला फोम उन्हाने असाच पिकतो. बनवणाऱ्याचा शिक्का निम्मा उडालेला. शेपटीशी दोरी बांधायला भोक नाही. ही वयाची खूण आहे: पायाला बोर्ड बांधून ठेवणारी दोरी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात पॅट ओनीलने आणली. पहिल्या दोऱ्या रबरी नळीच्या होत्या, ताणल्या की बोर्ड उसळून परत यायचा. त्यातच पॅटचे वडील जॅक ओनील यांचा डावा डोळा गेला. त्याआधी पडलात तर बोर्डमागे पोहत जायचं, दुसरा इलाज नाही.

बोर्डाचा वंश थोडक्यात असा. रेडवुडच्या घन फळ्या इतक्या जड की दोघांनी उचलाव्यात. टॉम ब्लेकने त्या आतून पोकळ केल्या आणि 1935 मध्ये खाली पंख लावला. दुसऱ्या महायुद्धानंतर बाल्सा लाकूड आलं आणि त्यावर काचतंतू व रेझिनचा थर. 1950 च्या दशकाच्या अखेरीस होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी लाकूडच काढून टाकलं आणि पॉलियुरेथेनचा फोम घातला. बोर्ड हलका आणि स्वस्त झाला, कॅलिफोर्नियात पोरांची झुंबड उडाली. मग 1967-68 मध्ये ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅव्हिश आणि नॅट यंग यांच्या पिढीने बोर्ड आखूड केले. वर्षा-दोन वर्षांत लांब बोर्ड गॅरेजच्या माळ्यावर गेले आणि तिथे वीस वर्षं पडून राहिले.

चेन्नईच्या लाटेला मात्र तोच लांब बोर्ड मानवतो, आणि नवशिक्याला तर तोच हवा. बरेच दिवस लाट कमरेएवढी, मंद. आखूड बोर्डला उचलायला लाटेत जोर लागतो. लांब बोर्डाला पृष्ठभाग जास्त, त्यामुळे तो कमी वेगातही पाण्यावर तरंगून धावू लागतो. लाट फुटायच्या आधीच ती पकडता येते. शिक्षा एवढीच की तो चुका लपवत नाही. पोट दोन बोटं पुढे सरकलं की नाक पाण्यात घुसतं आणि तुम्ही डोक्यावर पडता. दोन बोटं मागे राहिलं की शेपूट बसतं आणि लाट खालून निघून जाते. माझा सगळा वेळ त्या दोन बोटांत गेला. शिकवणारा गावातलाच पोरगा, वयाने माझ्या मुलाएवढा. दर वेळी माझे हात घाईने चालू लागले की मागून आवाज यायचा, “वेट पण्णुंग, सार.” थांबा. मी थांबायचो आणि तोवर लाट निघून जायची. “हां, ती नव्हती,” तो म्हणायचा.

ती कोणती आहे हे त्याला कसं कळायचं, हे मी त्याला बऱ्याचदा विचारलं. त्याला सांगता येत नव्हतं, पण त्याच्या घरात त्याची भाषा होती. या किनाऱ्याचे कोळी दक्षिणेकडून उत्तरेला वाहणाऱ्या प्रवाहाला तेंडी म्हणतात, उलट्या प्रवाहाला वन्नी. जमिनीवरून येणारा गरम पश्चिमी वारा कच्चान. पोरगं चालायला लागलं की हे कानावर पडतं. त्यामुळे कोवळम किंवा मामल्लपुरमची पोरं बोर्डवर झटक्यात उभी राहिली याचं कौतुक करताना ‘नैसर्गिक गुण’ वगैरे म्हणणं मला खटकतं. पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवणी होती ती.

कच्चानमध्येच चेन्नईच्या लाटेचं गुपित आहे. आपल्या कोकणातून बरेच जण विचारतात, रत्नागिरी-मालवणला एवढा समुद्र, मग सर्फिंग तिकडे का नाही फोफावलं? पावसाळ्यात, दूर दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांच्या लांब लाटा दोन्ही किनाऱ्यांवर येतात. पण नैर्ऋत्येचा वारा कोकणात समुद्राकडून जमिनीवर आदळतो. लाटेची घुसळण होते आणि मचवे वर ओढून ठेवावे लागतात. तोच वारा चेन्नईला पोहोचतो तेव्हा जमिनीवरून समुद्राकडे निघालेला असतो. सकाळी तो येणाऱ्या लाटेला समोरून धरतो, तिचा चेहरा गुळगुळीत करतो आणि फुटणं लांबवतो. दुपारी समुद्राचा वारा सुटला की हे संपतं. शिवाय उथळ तळाची पट्टी मुंबईसमोर सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, चेन्नईसमोर त्याच्या पाव हिश्शाहून कमी. लांबची लाट इकडे जोर टिकवून येते.

26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने हा किनारा कसा उद्ध्वस्त केला ते सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर जे झालं त्याची चर्चा कमी होते. मदतीच्या ओघात संस्थांनी फायबरच्या होड्या वाटल्या, हजारोंनी. लाटांच्या उघड्या किनाऱ्यावर उतरणारी होडी बनवण्याचे प्रयोग 1979 पासून बंगालच्या उपसागरासाठीच्या मत्स्यप्रकल्पात मद्रासमध्ये चालूच होते; त्सुनामीने उरलेलं काम एका झटक्यात उरकलं. कट्टुमरम मागे पडलं. म्हणजे कॅलिफोर्नियात लाकडी फळीला ज्या काचतंतू आणि रेझिनने हटवलं, त्यांनीच पन्नास वर्षांनी कोरोमंडलच्या ओंडक्यांनाही हटवलं. मला याचं दुःख करायचा अधिकार नाही. इंजिनवाली होडी घेऊन जो दूर जाऊन येतो त्याच्या पाठीला विचारा. पण वल्ह्याने लाट पकडायची सवय मात्र त्या पिढीबरोबर ओसरली आणि तिच्या मुलांना ती बोर्डवर परत मिळाली, हे बघण्यासारखं आहे. माझ्या जुन्या बोर्डाला तडा गेला तेव्हा तो दुरुस्त केला गावात होड्यांना फायबर लावणाऱ्यानेच. तड्यातून आत गेलेलं पाणी आधी उन्हात सुकवावं लागलं. बोर्ड उभा करून ठेवला, दिवसभर थेंब गळत होते. त्याला हे काम नवीन नव्हतं.

गावच्या पोरांना मात्र लांब बोर्डात आता फारसा रस नाही, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. सर्फिंग टोकियोपासून ऑलिंपिकमध्ये आलं ते आखूड बोर्डाचं. ऑगस्ट 2023 मध्ये मामल्लपुरमला जागतिक सर्फ लीगची पात्रता स्पर्धा झाली, ऑगस्ट 2025 मध्ये तिथेच आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. त्यात रमेश बुदिहाळला कांस्यपदक मिळालं. तो कोवळमचा, पण केरळच्या. मामल्लपुरमच्या कमली मूर्तीवर तर ती शाळकरी असतानाच माहितीपट निघाला. गुण मिळतात ते वेगाने वळण्याला आणि लाटेच्या कड्यावर आपटण्याला. लांब बोर्डावर सावकाश पुढे चालत जाऊन नाकावर पायाची बोटं टेकवण्याची जी कला आहे, तिला नोकरी नाही, प्रायोजक नाही. मोठ्या महासंघांनी लांब बोर्डाला स्पर्धांमध्ये नीट जागा दिली, तर या मंद लाटांवर वाढलेली आपली मुलं जगात पुढे दिसतील असं माझं मत आहे.

शिकायला यायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास येऊ नका. तेव्हा ईशान्य मोसमी वारा सुरू होतो, समुद्र गढूळ आणि वेडावाकडा असतो, वादळांचा काळ तोच. फेब्रुवारी-मार्चच्या लाटा नवशिक्याला बऱ्या, जूननंतरच्या सकाळी जरा सरावलेल्याला. 15 एप्रिल ते 14 जून यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, तेव्हा गावात माणसं मोकळी भेटतात आणि गप्पांना वेळ असतो. सहाच्या आत पाण्यात उतरायचं. आणि बोर्ड भाड्याने देणाऱ्याने नवा मऊ बोर्ड पुढे केला तरी मागच्या भिंतीला टेकवलेला पिवळा लांब बोर्ड कुणाचा आहे, एवढं विचारून बघा.