आठ-एकोणचाळीसचा हिशेब

पिकअपच्या मागच्या ॲक्सलला मधोमध जो गोल फुगवटा असतो, त्याच्या पोटात क्राऊन आणि पिनियन बसलेले असतात. एरवी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. उत्तनहून बर्फातली मासळी, भाईंदर पूर्वेच्या कारखान्यांतली स्टीलची भांडी, नव्या टॉवरांसाठी टाइल्स असा माल वाहणाऱ्या मालकांची गप्पांची गाडी मात्र 'ॲव्हरेज किती देते?' यावर आली, की कोणीतरी सल्ला देतोच : क्राऊन बदलून टाक.

इंजिनाचं फिरणं प्रोपेलर शाफ्टमधून पिनियनवर येतं. छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो आणि क्राऊन चाकांना. पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ३९ असतील, तर शाफ्टच्या ४.८८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी. मिस्त्री दशांशात बोलत नाहीत, ते दातच सांगतात : आठ-एकोणचाळीस, दहा-एक्केचाळीस. दुसऱ्या जोडीचं प्रमाण ४.१०. बोलेरोला येतो तो २१५/७५ आर १५ टायर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण ४५० फेरे घेतं. टॉप गिअर सरळ एकास एक असेल, तर आठ-एकोणचाळीसवर इंजिन २२०० फेऱ्यांवर फिरतं, दहा-एक्केचाळीसवर साडेअठराशेवर. इंजिन जितकं सावकाश फिरेल तितकं आतलं घर्षण कमी, म्हणून डिझेल वाचतं. हा झाला सल्ल्याचा शास्त्रशुद्ध भाग, आणि तो खरा आहे.

एके काळी तर या बदलाला पुरता अर्थ होता. महिंद्राने परवान्यावर वर्षानुवर्षं बनवलेली सीजे-३बी जीप मूळची पेट्रोलची. तिचा ॲक्सल ५.३८चा, म्हणजे आठ-त्रेचाळीस. पेट्रोल महागलं तसं लोकांनी त्याच जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. डिझेल इंजिन मुळात संथ, वरच्या फेऱ्यांवर त्याचा नुसता आरडाओरडा. इंजिन बदललं आणि ॲक्सल तोच ठेवला, तर साठच्या वेगालाच कानठळ्या बसायच्या. तिथे क्राऊन बदलणं ही चैन नव्हती, निम्मं राहिलेलं काम पुरं करणं होतं. आजच्या पिकअपची गोष्ट तशी नाही. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि ॲक्सल कंपनीनेच एकमेकांना जुळवून दिलेले असतात.

त्यात हे काम वेळखाऊ. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात, त्यामुळे एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला लावता येत नाही. हौजिंग उघडलं की मिस्त्री क्राऊनच्या दोन-चार दातांना निळा रंग फासतो, हाताने फेरा देतो आणि ठसा बघतो. ठसा दाताच्या मधोमध पडला तर ठीक, टोकाकडे किंवा मुळाकडे सरकला तर पिनियनखाली पातळ शिम घालायची किंवा काढायची, बोल्ट पुन्हा आवळायचे, पुन्हा निळा लावायचा. कागदाच्या जाडीएवढी चूकही खपत नाही. घाईत बसवलेली जोडी ताशी चाळीसच्या पुढे हुंकार देऊ लागते आणि तो हुंकार ऑइल बदलून जात नाही. हे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, घसरतातही. म्हणून इथे साधं ऑइल चालत नाही, दाब सोसणारं गिअर ऑइलच लागतं. दातांची ही घडण १९२६च्या सुमारास अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटारीत आली. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसल्याने शाफ्ट खाली आला आणि गाडी बुटकी करता आली.

आता मिरा-भाईंदरचा रस्ता. आठ-एकोणचाळीसवरून दहा-एक्केचाळीसवर गेलात, तर चाकावरची ओढ १६ टक्क्यांनी घटते. ठाण्याहून भरलेली पिकअप गायमुखच्या चढाला लागली, पुढे ट्रेलर रांगतोय, तर ड्रायव्हर एक गिअर खाली घेणार, क्लच अर्धा दाबून धरणार. वाचलेलं डिझेल तिथेच धुरात जातं, वर क्लच प्लेटचा खर्च. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावर गाडी उभी असताना तर पिनियन आठचा की दहाचा, याने काहीच फरक पडत नाही. वर्सोवा पुलावरून रात्री वापीच्या दिशेला हलका माल घेऊन जाणाऱ्याला फायदा होईल, पण तोही बेताचाच. पेट्रोल इंजिनात हवेची वाट अडवणारा थ्रॉटल असतो, त्यामुळे फेऱ्या कमी झाल्या की बचत ठळक दिसते. डिझेलमध्ये ती अडवणूकच जवळपास नसते. त्यापेक्षा ऐंशीऐवजी सत्तरवर गाडी ठेवली, तर हवेचा विरोध जवळजवळ पाव हिश्शाने घटतो, आणि त्यासाठी एकही बोल्ट ढिला करावा लागत नाही.

मग 'क्राऊन बदलला आणि ॲव्हरेज वाढलं' म्हणणारे सगळे थापा मारतात का? नाही, त्यांचा मीटर थापा मारतो. जुन्या धाटणीच्या गाड्यांत किलोमीटरची मोजणी गिअरबॉक्सच्या मागून, म्हणजे शाफ्टच्या फेऱ्यांवरून होते. दहा-एक्केचाळीस काढून ओढीसाठी आठ-एकोणचाळीस बसवली, की त्याच अंतराला शाफ्ट १९ टक्के जास्त फिरतो. खरं ॲव्हरेज १० असेल तर मीटर ११.९ दाखवतो. मालक खूश, मिस्त्री त्याहून खूश. उलट, डिझेल वाचवण्यासाठी दहा-एक्केचाळीस घातली, तर मीटर कमी अंतर मोजतो आणि खरी बचत झाली असली तरी ती कागदावर तोटा ठरते. त्यामुळे जोडी बदलल्यावर मीटरचं छोटं गिअरही बदलून घ्यावं. ते जमत नसेल, तर एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरावी आणि अंतर हायवेच्या दगडांवरून किंवा मोबाइलच्या नकाशावरून धरावं. ही मोजणी हौजिंग उघडायच्या आधी करून ठेवली, तरच नंतरच्या आकड्याशी ताडून बघता येते.